एआय वर्गात येणार असेल, तर होऊ घातलेल्या शिक्षकाने आज काय शिकावं?

डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "येत्या दहा-पंधरा वर्षांत एआय, व्हीआर (डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य पाहायचा संच) असं सगळं वर्गात येणार म्हणतात. मी टीईटीची तयारी करतोय. तेव्हा शिक्षकाची गरज उरेल का? उरणार असेल, तर आतापासून कोणतं तंत्रज्ञान शिकून ठेवू, म्हणजे मागे पडणार नाही?"

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते, म्हणजे माझं किती घ्यायचं आणि किती सोडायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी 1998 साली जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. जळगाव जिल्ह्याचा चोपडा तालुका, सातपुड्याचा पायथा. बहुतेक नोकरी द्विशिक्षकी शाळांत गेली आणि आता केंद्रप्रमुख म्हणून तेरा शाळांवर फिरते. त्यामुळे माझं उत्तर मराठी माध्यमाच्या, लहान पटाच्या प्राथमिक शाळेपुरतं समजा. शहरातल्या साठ मुलांच्या वर्गाचं किंवा अकरावी-बारावीचं गणित वेगळं आहे.

गरज उरेल का, याबद्दल थोडक्यात. शाळेत शिक्षक किती, हे आपल्याकडे संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची सरकारी मंजुरी, ठरवते आणि संचमान्यता पटसंख्येवर चालते. मुलं कमी झाली की पद जातं, त्याला एआय लागत नाही. त्यामुळे ती चिंता करायची तर वेगळ्या कारणाने करा.

तुमच्या प्रश्नातला खरा पेच मला दुसराच वाटतो. शिक्षक म्हणून आपण दिवसभरात पंधरा-वीस प्रकारची कामं करतो. त्यांतली कोणती यंत्र चांगली करेल, कोणती वाईट करेल, आणि हाती उरलेल्या वेळात आपण काय करायचं? हे कळलं की काय शिकायचं ते आपोआप कळतं.

तंत्रज्ञान शाळेत येणं ही काही नवी गोष्ट नाही. उपग्रहावरून खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखवायचा प्रयोग आपल्या देशात 1975-76 मध्ये झाला, सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत. पुढे महाराष्ट्रात बालचित्रवाणी (मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था) आली. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेच्या कपाटात सरकारच्या खडू-फळा योजनेतली विज्ञानपेटी होती. नवीकोरी. मी ती उघडायला गेले तर मोठे गुरुजी म्हणाले, "बाई, ती डेडस्टॉकला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) आहे. काही फुटलं तर भरून कोण देणार?" नंतर शाळेला संगणक मिळाला, त्याच्यावर कोणीतरी भरतकाम केलेला रुमाल टाकून ठेवला. 2015 नंतर शाळा डिजिटल करायची लाट आली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचे व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतले, गावकऱ्यांनी मोठ्या हौसेने पैसे दिले. त्यातले काही आजही चालू आहेत. बरेचसे एक दिवा गेला आणि तो बदलायला पैसे कुठून आणायचे, यावर अडले.

पण ही नुसती निगराणीची गोष्ट आहे असं मला वाटत नाही. जिथे प्रोजेक्टर नीट चालला तिथेही वाचता न येणारं मूल बऱ्याचदा तसंच राहिलं, आणि त्याचं कारण समजायला मला बरीच वर्षं लागली. रेडिओ, टीव्ही, प्रोजेक्टर, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचा व्हिडिओ, ही सगळी बोलणारी यंत्रं होती. ती बोलायची, मुलं ऐकायची. आणि आमच्या वर्गात बोलणाऱ्याची कमतरता कधीच नव्हती; मी दिवसभर बोलतच होते. कमतरता होती ऐकणाऱ्याची.

हिशोब करून बघा. दोन शिक्षक, चार इयत्ता, पट 48. माझ्या वाट्याला 24 मुलं, दोन वेगवेगळ्या इयत्तांची. प्रत्येकाचं रोज फक्त तीन मिनिटं वाचन ऐकायचं म्हटलं तर 72 मिनिटं गेली. परिपाठ, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, "तात्काळ" शेरा मारलेली पत्रं, हे सगळं सांभाळून ते रोज जमत नाही. मी प्रामाणिकपणे सांगते, एकेका मुलाचं वाचन माझ्या कानावर आठवड्यातून एकदा पडायचं, कधी पंधरा दिवसांतून. मधल्या काळात ते कुठे अडखळतंय ते देवाला ठाऊक.

आता जे येतंय ते पहिल्यांदाच ऐकणारं यंत्र आहे. मूल वाचतं, फोन ऐकतो, कुठे थांबलं ते टिपून ठेवतो. मूल उदाहरण सोडवतं आणि यंत्र पुढचं उदाहरण त्याच्या चुकीवरून निवडतं. वर्गातल्या अध्यापनात खरा बदल व्हायचा तर तो इथून होईल असं माझं मत आहे. रोबोने फळ्यासमोर उभं राहून तास घेतला, हे पेपरात छापून येण्यापुरतं ठीक.

आमच्या केंद्रातल्या एका शाळेत आम्ही वाचन ऐकणारं ॲप वर्षभर वापरलं. दोन जुने टॅब आणि तिथल्या बाईंचा स्वतःचा फोन. बाई तिसरीला गणित घ्यायच्या तेव्हा दुसरीची मुलं आळीपाळीने व्हरांड्यात जाऊन टॅबला वाचून दाखवायची. पहिला फायदा आमच्या कल्पनेतही नव्हता. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी दोन पावरा (सातपुड्यातली आदिवासी जमात) मुलं टॅबसमोर मोठ्याने वाचायला लागली. चुकलं तर तिथे हसायला कोणी नव्हतं.

मग अडचणी आल्या. आमच्याकडे अहिराणीचा जोर. घरी "शाळा" नाही, "शाया". मूल पुस्तकात "डोळे काळे" बघतं आणि अगदी सराईतपणे "डोये काये" वाचतं. म्हणजे त्याने अक्षर ओळखलंय, अर्थ कळलाय, वाचन झालंय. ॲप मात्र तो शब्द लाल करायचं. एका मुलाने आठ दिवसांत वाचणंच सोडलं, कारण त्याचं प्रत्येक पान लालेलाल. बाईंनी त्याला जवळ बसवून ऐकलं तेव्हा कळलं की हा तर वर्गातल्या चांगल्या वाचणाऱ्यांपैकी. उच्चार हळूहळू प्रमाण भाषेकडे न्यायचा, पण "तुला वाचता येत नाही" असं त्याला सांगायचं नाही, हा फरक त्या यंत्राला नव्हता आणि आम्हीही तो आधी लक्षात घेतला नव्हता. पावरी, भिली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही दरी याहून मोठी आहे. या भाषांचं लिखित आणि ध्वनिमुद्रित साहित्य फार थोडं, म्हणून यंत्राचे कान या आवाजांना सरावलेले नाहीत. पुढच्या दहा वर्षांत ते सुधारेलही. पण जिथे बोली लिहून, ध्वनिमुद्रित करून ठेवायला कोणी बसलं नाही, तिथे ते आपसूक सुधारणार नाही.

दुसरी गंमत चांदण्यांची. नीट वाचलं की ॲप चांदण्या द्यायचं. एका पठ्ठ्याने टॅब घरी नेलेल्या शनिवार-रविवारात चाळीसच्या वर चांदण्या मिळवल्या. आम्ही खूश. सोमवारी त्याला फळ्यावरचं वाक्य वाचायला सांगितलं तर जोडाक्षराला गाडी बंद. चौकशीअंती कळलं की वाचत होती त्याची सहावीतली बहीण. यंत्राला आवाज ऐकू येतो, आवाज कुणाचा ते त्याला कळत नव्हतं. तेव्हापासून आम्ही आकडा पाहायचा तो फक्त "कुणाला आज जवळ बसवायचं" हे ठरवायला. मुलाला वाचता येतं की नाही, हे बाई स्वतः ऐकून ठरवतात.

गणितात हे आणखी स्पष्ट दिसतं. 52 वजा 27 चं उत्तर मुलाने 35 लिहिलं. ॲप चूक म्हणणार, चांगलं ॲप आणखी पाच वजाबाक्या देणार, त्याहून चांगलं असेल तर ओळखणार की हा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. इथवर यंत्र पोचलंय, आणि कौतुकाची गोष्ट आहे. पण आता काय? त्या मुलाच्या हातात दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्यायच्या, सात सुट्या मला दे म्हणायचं, आणि गप्प बसायचं. तो गठ्ठ्याचा दोरा सोडेपर्यंत गप्प बसायचं, हे कठीण काम. ते मी नोकरीच्या दहाव्या वर्षी शिकले असेन.

मराठी संख्यानामांचा घोळ तर खास आपला. "त्रेसष्ट" ऐकलं की मूल 36 लिहितं, कारण तीन आधी ऐकू येतो. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तुम्ही तेव्हा शाळेत असाल. बाजू कोणतीही घ्या, अडचण खरी आहे. दुसऱ्या भाषेत तयार करून मराठीत उतरवलेलं सॉफ्टवेअर या चुकीला "मुलाला स्थानिक किंमत कळत नाही" असं लेबल लावण्याची शक्यता दाट आहे. मुलाला ती कळते. त्याला ऐकण्याचा क्रम उलटवायला जमत नाही. उपाय दोन्हींचे वेगळे.

आता माझ्या अनुभवाबाहेरचं थोडं, कारण एका केंद्रावरून जगाचा अंदाज करू नये. दिल्लीत 2015 साली 619 मुलांवर एक नीट आखलेला प्रयोग झाला. शाळा सुटल्यावर केंद्रात यायचं, अर्धा वेळ मुलाच्या पातळीप्रमाणे उदाहरणं देणारं सॉफ्टवेअर, अर्धा वेळ लहान गटात माणसाबरोबर अभ्यास. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दोन्हीकडे चांगली प्रगती दिसली. यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे: सॉफ्टवेअर सातवीच्या मुलाला सातवीचं पुस्तक दाखवत नव्हतं, तो खरोखर जिथे होता तिथून सुरू करत होतं. आपल्याला हे वर्गात माहीत असतं, पण अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत करता येत नाही. उलट बाजूला पेरू देशाने लाखो मुलांना लॅपटॉप वाटले. लॅपटॉप वापरले गेले, आणि गणित-भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. यंत्र पोचलं, पण वर्गात शिकवण्याची रीत तीच राहिली.

तिसरा प्रयोग तुम्ही विशेष लक्षात ठेवा, कारण तो तुमच्या पिढीच्या साधनाबद्दल आहे. तुर्कस्तानात हायस्कूलच्या जवळजवळ हजार मुलांना गणिताच्या सरावात एआय चॅटबॉट दिला. साधा चॅटबॉट मिळालेल्या गटाने सराव 48 टक्के जास्त चांगला केला. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर तो कधी मिळालाच नव्हता अशा मुलांपेक्षा हा गट 17 टक्के मागे पडला. थेट उत्तर न देता फक्त इशारे देणारा, शिक्षकांच्या सूचना भरलेला चॅटबॉट ज्यांना मिळाला त्यांचं असं नुकसान झालं नाही. म्हणजे गाइडमधून उत्तर उतरवण्याचंच हे नवं रूप. गाइड आपण ओळखायचो, कारण तीसही वह्यांत तेच वाक्य असायचं. आता प्रत्येक वहीत वेगळं वाक्य असेल.

म्हणून मला वाटतं, येत्या काळात सगळ्यात जास्त हादरा बसेल तो गृहपाठाला. निबंध, प्रकल्पवही, "माहिती मिळवा" या प्रकारचं सगळं. असर (प्रथम संस्थेची ग्रामीण शिक्षणाची पाहणी) 2024 मध्ये ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यातल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कशासाठी तरी वापरला होता, आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन घरात पोचलाय. तेव्हा घरून लिहून आणलेल्या गोष्टीवर गुण देणं हळूहळू निरर्थक होईल आणि वर्गात, समोर बसून केलेल्या कामाचं मोल वाढेल. तोंडी परीक्षा परत येईल, असा माझा अंदाज. तोंडी घ्यायला पुन्हा वेळ लागतो, हा भाग आहेच.

शिक्षकाच्या टेबलावर मात्र एआय आत्ताच उपयोगी आहे. एकाच पाठावर तीन पातळ्यांच्या कृतिपत्रिका करायला मला पूर्वी रविवार लागायचा, आता अर्धा तास. पण तपासल्याशिवाय छापू नका. एकदा मी एका चॅटबॉटला आमच्या भागातल्या भोंगऱ्या बाजारावर चौथीसाठी गोष्ट लिहायला सांगितली. होळीच्या आधी भरणारा पावरा लोकांचा तो बाजार, त्यात मोठाले ढोल, बासऱ्या. गोष्ट सुरेख उतरली, फक्त त्यात उंट होते आणि कठपुतळीचा खेळ होता. आमच्या मुलांनी वाचली असती तर पोट धरून हसली असती. शुद्धलेखन मात्र माझ्यापेक्षा बरं होतं, ते मान्य.

व्हीआरबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून. शाळेत एक संच आला, वर्गात 40 मुलं, प्रत्येकाला तीन मिनिटं: दोन तास संपले, आणि कुठल्याही क्षणी 39 मुलं नुसती थांबलेली. त्यापेक्षा विद्युत परिपथाचं फेट (PhET) या संकेतस्थळावरच्यासारखं मोफत सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचा प्रयोग, मराठीतून मिळतं, ते एका पडद्यावर सगळ्या वर्गाला खेळवता येतं. त्याच्याही आधी एक सेल, एक बल्ब आणि वायरचा तुकडा मुलांच्या हातात द्या.

एका गोष्टीकडे तुमची पिढी दुर्लक्ष करेल अशी मला भीती आहे. ऐकणारं यंत्र मुलालाच ऐकतं असं नाही, आपल्यालाही ऐकतं. हजेरी चॅटबॉटवर, चाचणीचे गुण ऑनलाइन, उद्या प्रत्येक मुलाच्या वाचनाचा वेग वरपर्यंत दिसेल. हे आकडे मदत पाठवायला वापरले तर शाळेचं भलं होईल, "तुमचं केंद्र लाल का?" असं विचारायला वापरले, तर शिक्षक चांदण्या गोळा करायला लागतील, त्या पोरासारखेच. मी स्वतः केंद्रप्रमुख आहे, तक्त्यात हिरवा रंग दिसला की बरं वाटतं हे मला चांगलं माहीत आहे. शिवाय लहान मुलांचे आवाज आणि चेहरे कुठे साठवले जातात, हे विचारायची सवय लावून घ्या. पालकांना विचारल्याशिवाय मुलाचं ध्वनिमुद्रण फुकट मिळालेल्या ॲपवर चढवू नका.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. वीजबिल थकून शाळेची जोडणी तुटली असेल तर हे सारं बोलणं हवेतलं. गावात रेंज नसेल तर नेटशिवाय चालणारं साधनच कामाचं. पहिली-दुसरीच्या मुलाला मी दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटांच्या वर पडद्यासमोर बसवणार नाही, आठवीच्या मुलाला चालेल. आणि एकाच इयत्तेच्या भरलेल्या वर्गापेक्षा बहुवर्ग शाळेत याचा उपयोग जास्त आहे, कारण तिथे शिक्षक एका गटाबरोबर असताना दुसरा गट रिकामा बसलेला असतो.

मग शिकायचं काय? एखादं ठरावीक ॲप शिकण्यात वर्ष घालवू नका. तुम्ही रुजू व्हाल तोवर ते बदललेलं असेल. चॅटबॉटकडून काम करून घेणं तुम्हाला महिन्याभरात येईल, त्यासाठी हजारो रुपयांचे ऑनलाइन कोर्स लावणाऱ्यांच्या नादी लागू नका. मुलाच्या चुकीमागचं कारण ओळखायला शिका. आणि जिथे नोकरी कराल तिथली बोली शिका, निदान कानाला ओळखीची करून घ्या. माझी पावरी अजून मोडकी आहे, मुलं माझ्यावर हसतात, पण तेवढ्यामुळे ती बोलतात.

तुमची शालेय आंतरवासिता (शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव) सुरू असेलच. तिसरी-चौथीतल्या पाच मुलांच्या वजाबाकीच्या वह्या मागून घ्या. चुकलेली उदाहरणं एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे मुलाने काय विचार केला असेल ते लिहा. मग तीच उदाहरणं चॅटबॉटला द्या आणि त्याचं उत्तर शेजारी मांडा. शेवटी त्या मुलाला जवळ बसवून विचारा, "हे कसं केलंस रे?" तिन्ही रकाने भरून इथेच टाका, मी वाचेन. माझा अंदाज आहे की पाचांपैकी दोघा-तिघांच्या बाबतीत तिसरा रकाना तुमच्याही आणि यंत्राच्याही उत्तरापेक्षा वेगळा निघेल.